डुलकीचं कापड

सात वाजून दहा मिनिटं.
रेणू टिळकवाडीहून येते, स्केटिंगची चाकं गळ्यात अडकवून,
कल्मेश तालमीतून, कानात तांबडी माती घेऊन.
दोघंही उंबऱ्यातूनच सांगायला लागतात, एकाच वेळी,
मला कुणाचंच काही कळत नाही.
आठाला माझी पाळी. वडगावात, दोन गल्ल्या सोडून,
माग माझ्यावाचूनही खडखडतच असतात.

ऊन पाणी एक बादली.
आधी ती, मग तो.
त्याच्यानंतर न्हाणीत शेत उरतं.

मग पायजमे.

"अजून उजेड हाय की बाबा,
त्यो बसू बघ, अजून खेळायलाय!"
"खेळू दे. त्याची आई घरात हाय."
बोललो आणि जीभ चावली.
यांची आई साडेनऊला येते,
कॉलेजच्या पोरांच्या मेसमध्ये तीनशे चपात्या लाटून.
तेव्हा तिच्या बोटांत एक बटण लावायचं बळ नसतं.
म्हणून हे काम माझं:
उजेड असतानाच रात्र घालायची,
एकेक पाय धरून.

पाय घाल. तो नव्हं, दुसरा.
कल्मेश दोन्ही पाय एकाच नळीत घालतो
आणि पोत्यासारखा आडवा होऊन हसत सुटतो.
रेणूच्या गुडघ्याची खपली कापडाला अडकते,
ती श्वास आत ओढते, मी फुंकर घालतो.
फुंकरीनं काही होत नाही हे आता तिलाही ठाऊक आहे,
तरी ती गुडघा पुढं करते.

दोघांचं कापड एकाच साडीचं. जांभळं, पोपटी काठाचं.
काठ घोट्यांवर आलाय, बायकोनं मुद्दाम तसं बेतलं.
तालमीत हे कुणाला सांगायचं नाही, कल्मेश बजावतो.
नाही सांगत.

साडी बाद झालेली.
गेल्या दिवाळीच्या आधी, रात्री तीनच्या सुमाराला
उभ्या उभ्या मला डुलकी लागली.
कांडी संपली, धोटा रिकामाच धावत राहिला,
चार बोटं नुसता ताणा.
मालकानं पगारातून पैसे कापले,
साडी अंगावर टाकली. "ने, बायकोला दे."
बायकोनं ती दिव्यासमोर धरून बघितली,
काही बोलली नाही.
कात्री मागितली.

ती विरळ जागा आता रेणूच्या डाव्या मांडीवर आहे.
बाकी सगळं कापून टाकलं, तेवढं कसं राहिलं कोण जाणे.
"बाबा, हितं काय झालतं?"
"हितं मी झोपलोतो."
"किती वेळ?"
"चार बोटं."
तिला पटतं. मोजून बघते. तिची सहा भरतात.

राहिली नाडी.
तुटका धागा जोडतो तशी पक्की गाठ
हात आपसूक मारतो.
मग सोडवतो, सैल सुरगाठ घालतो.
मध्यरात्री कल्मेशला एकट्याला उठावं लागलं
तर ती सुटायला हवी.

भिंतीपलीकडून पार्वतक्का: "ऊट आत?"
"इन्नू इल्ल!" दोघं एका दमात,
माझ्याशी मराठीत भांडता भांडता.
मधे काही ओलांडलं
हे त्यांच्या गावीही नाही.
पायजमा चढला की उंबऱ्याबाहेर जायचं नाही,
असा या घरचा कायदा.
पार्वतक्काच्या ताटाला तो लागू नाही.

मी डबा उचलतो, चप्पल शोधतो.
"बाबा, थांब. वाक खाली."
माझ्या शर्टाचं बटण एक घर चुकलेलं.
रेणू सगळी सोडते, वरपासून पुन्हा लावते,
जीभ दातांत धरून, माझ्यासारखी.
तोवर आठाला पाच कमी.

गल्लीत मागांचा आवाज पायांपर्यंत येतो.
आज कांडीवर नजर ठेवायची, मी स्वतःला बजावतो,
तीनला तोंडावर पाणी मारायचं.
चालता चालता डोक्यात येतं:
काठ घोट्यावरून वर सरकायला लागलाय,
थंडीपर्यंत दोघांनाही
नवं कापड लागणार.